शिट्टी न होणारा कुकर

ती. आई आणि बाबा,

सा. न.

विजेवरचा प्रेशर कुकर मागवला आहे, चार दिवसांत घरी पोचेल. आधी विचारलं नाही, कारण आई म्हणाली असती, "आहे तो चांगला चाललाय की", आणि बाबांनी "बघू पुढे" म्हणून विषय तिथेच मिटवला असता. परत करायचं मनातही आणू नका.

आई, कुकर गॅसवर जळत राहिला त्या दिवसाबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच लक्षात ठेव, तुझ्या कानांचा त्यात काही दोष नव्हता. आतलं पाणी आटलं की वाफच होत नाही आणि वाफ नसली की शिट्टीही होत नाही. कुकर गप्प जळत राहतो, मग शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळणार कसं? गॅस आपणहून बंद होत नाही, हा कुकर होतो. त्यासाठीच घेतला. तुझ्या हातचा स्वयंपाक आता नको, असा अर्थ कृपा करून काढू नकोस. जुना कुकर कुठे जात नाही, बाकी सगळं त्यातच कर. मला फक्त रोजचा भात गॅसवरून उतरवायचा आहे.

बाबा, तुमची शंका मला माहीत आहे: झाकण उडालं तर? 1679 साली देनी पापँनी वाफेच्या दाबावर अन्न शिजवणारं भांडं पुढे आणलं, आणि दाब वाढून भांडं फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडप लावली. जुन्या कुकरच्या शिट्टीमागे तेच तत्त्व आहे. या नव्यात तशी झडप आहेच, शिवाय आतलं तापमान आणि दाब ओळखून वीज कमी-जास्त करणारी यंत्रणा आहे. दाब धरला की झाकणावरची छोटी धातूची पिन वर येते आणि झाकण अडकवून ठेवते. पिन वर असेपर्यंत झाकण फिरत नाही. फिरवायची जबरदस्ती करायची नाही, तेवढं एक पाळा.

मी 3 लिटरचाच घेतला. मोठ्याचं भांडं जड असतं आणि आईचं मनगट मला ठाऊक आहे. दोघांचा भात थेट कुकरच्या आतल्या मोठ्या भांड्यात नीट होतही नाही, कारण दाब धरायला तळाशी किमान एक कप, म्हणजे साधारण 250 मिलिलिटर पाणी लागतंच. तेवढं पाणी थोड्याशा तांदळात घातलं तर लगदा होतो, कमी घातलं तर तळ लागतो. म्हणून तुम्ही भात थेट मोठ्या भांड्यात लावूच नका, आत छोटं भांडं ठेवून लावा.

आतल्या भांड्यात 250 मिलिलिटर पाणी घाला. त्यावर सोबत आलेली तीन पायांची जाळी ठेवा आणि जाळीवर तुमचं नेहमीचं स्टीलचं पातळ भांडं. त्यात धुतलेले तांदूळ आणि मोजलेलं पाणी. हे भांडं कडेला टेकता कामा नये आणि त्याचा काठ मोठ्या भांड्यावरच्या वरच्या खुणेच्या खालीच राहिला पाहिजे. भात झाला की सांडशीने फक्त छोटं भांडं उचलायचं, जड भांडं जागचं हलवावंच लागत नाही.

पाण्याचं माप मात्र बदला. पातेल्यात किंवा गॅसवर आपण दुप्पट पाणी घालतो, कारण बरंचसं वाफ होऊन जातं. इथे जवळजवळ काहीच उडत नाही. धुऊन नीट निथळलेल्या एक वाटी तांदळाला सव्वा वाटी पाणी घातलं तर शीत न् शीत मोकळं होतं. बाबांच्या दातांसाठी दीड वाटी घाल. नवा तांदूळ असेल तर त्यातून दोन-तीन चमचे कमी, जुना असेल तर तेवढेच जास्त. तांदूळ अर्धा तास भिजवले असतील तर पाव वाटी पाणी कमी कर, कारण ते त्यांनी आधीच पिऊन ठेवलेलं असतं. आणि सोबत येणारा प्लास्टिकचा मोजपेला 180 मिलिलिटरचा असतो, तळाचं पाणी मोजायला तो "एक कप" धरू नकोस. तांदूळ आणि भाताचं पाणी एकाच वाटीने मोजलं की वाटी कुठलीही चालते.

तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवा, शेवटचं पाणी जवळपास निवळ दिसेपर्यंत. वर राहिलेली पिठी फेस करते आणि तो फेस झडपेत जाऊन बसतो. अर्धा चमचा तेल किंवा तूप घातलं तर फेस आणखी बसतो.

आता बटणं. "राइस" लिहिलेल्या बटणाच्या नादी लागू नका. त्यात बऱ्याच यंत्रांत दाब कमी आणि वेळ ठरलेला असतो, तो थेट मोठ्या भांड्यात लावलेल्या भातासाठी. "प्रेशर कुक" किंवा "मॅन्युअल" दाबा, दाब "हाय" ठेवा आणि 7 मिनिटं लावा. बाबा, 7 मिनिटं म्हणजे बटण दाबल्यापासून 7 नव्हेत. आधी दाब धरायला आठ-दहा मिनिटं जातात, तोवर आकडा हलत नाही. पिन वर आली की मगच उलटी मोजणी सुरू होते. ते संपलं की बीप वाजतो आणि तिथून पुढे दहा मिनिटं हात लावायचा नाही. भात तेव्हा मुरतो. घाईने झडप उघडली तर पेजेसारखं पांढरं पाणी उडतं, हात पोळतो, शिवाय भात वरून चिकट आणि आतून कणी राहतो. सगळं मिळून अर्धा तास धरा. गॅसपेक्षा हे लवकर होत नाही, पण त्या अर्ध्या तासात कुणाला ओट्याशी उभं राहावं लागत नाही.

दहा मिनिटांनी उरलीसुरली वाफ काढताना झडपेवर चेहरा नको आणि हातही नको. लांब दांड्याच्या चमच्याने झडप फिरवा. पिन टपकन खाली पडते, मग झाकण उघडा, तेही आपल्यापासून पलीकडच्या बाजूला. वर फळी किंवा कपाट असेल अशा जागी कुकर ठेवू नका, वाफेने लाकूड फुगतं.

पिन वर आलीच नाही आणि झाकणाच्या कडेने वाफ सुटत राहिली, तर दहापैकी नऊ वेळा दोष झाकणातल्या सिलिकॉनच्या कड्याचा असतो. कडं तारेच्या खोबणीत सगळीकडून बसलेलं हवं, बोटाने गोल फिरवून बघायचं. कधी काठावर एखादं शीत चिकटलेलं असतं, तेवढंही पुरतं. नाहीतर झडप "व्हेंट"वर, म्हणजे वाफ सोडायच्या खुणेवर राहिलेली असते, ती "सीलिंग"वर, म्हणजे वाफ कोंडायच्या खुणेवर न्या. "बर्न" असा शब्द दिसला तर घाबरायचं कारण नाही, तळाचं पाणी संपलंय एवढंच यंत्र सांगतंय, आणि गरम करणं त्याने आधीच थांबवलेलं असतं. बंद करा, पिन पडू द्या, पाणी घालून कड्यापासून पुन्हा तपासा.

दोन गोष्टी अगदी सक्त. आतलं भांडं ठेवल्याशिवाय तांदूळ किंवा पाणी कधीही ओतायचं नाही, खाली थेट तापणारी प्लेट आहे. आणि कुकर गॅसच्या शेगडीवर ठेवायचा नाही, बंद शेगडीवरसुद्धा. चुकून बटण फिरलं की बूड वितळतं. भांडं आत ठेवण्याआधी बाहेरून कोरडं पुसा. प्लेटवर एखादा तांदूळ अडकला असेल तर काढा, नाहीतर मधल्या सेन्सरला तापमान नीट कळत नाही. प्लग भिंतीतल्या पक्क्या सॉकेटमध्येच, एक्स्टेन्शन नको.

आई, आता जे लिहितोय त्यावर रागावू नकोस. दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर झाकून ठेवणं आता बंद कर. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, खोलीच्या उष्णतेत भातात वाढतात आणि विष सोडतात. त्यातलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. बाबांच्या पोटाच्या तक्रारी मला फोनवर तू सांगत नाहीस, पण कळतात. उरलेला भात ताटात पसरून निववायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून संपवायचा. "कीप वॉर्म"वरही तासन्‌तास ठेवू नकोस, भात पिवळा पडतो आणि वाळतो. रात्री तांदूळ-पाणी घालून सकाळचा टायमर लावण्याचा मोह बाबांना होईल. उकाड्यात ते आंबतं, त्यामुळे टायमर नको.

लहानपणी ताप आला की तू गुरगुट्या भात करून बशीत पसरायचीस आणि कडेकडेने फुंकून भरवायचीस. तसाच भात यात फार छान होतो, म्हणून लिहितो. हा मात्र थेट मोठ्या भांड्यात: अर्धी वाटी तांदूळ, अडीच वाट्या पाणी, चिमूट मीठ, 15 मिनिटं "हाय", आणि दाब आपला आपण उतरू द्यायचा. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही, पेज वर चढते. तुमच्यापैकी कुणाला बरं नसेल तर दुसऱ्याला एवढं सहज जमेल. बाबा, म्हणून तुम्हीही शिकायचं आहे, लांबून बघायचं नाही.

धुताना झाकण, कडं, झडप आणि तिच्या आतली छोटी जाळी सुटी करा. कड्याला वास धरतो, म्हणून झाकण बंद न करता उलटं ठेवा. कडं सैल वाटलं किंवा चिरलं तर नवं घालायचं. मी एक जास्तीचं पाठवलंय, खोक्यात वेगळ्या पिशवीत आहे. बूड पाण्याखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पहिल्या दिवशी तांदूळ घालू नका. नुसतं दोन वाट्या पाणी, "हाय", 3 मिनिटं. पिन वर येताना आणि पडताना दोघांनी बघा. रविवारी सकाळी अकराला मी व्हिडिओ कॉल लावतो, तेव्हा भात लावू. तोवर तांदूळ धुऊन निथळत ठेवा आणि बाबा, चष्मा जवळ असू द्या, बटणांवरची अक्षरं बारीक आहेत.

तुमचा,
धाकटा