सांख्यिकीचे व्हिडिओ करून देणाऱ्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत गणित शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांकडून मनापासून आभार.

सांख्यिकीचे व्हिडिओ नेटवर ढिगाने आहेत, पण बहुतेकांत प्रश्न विचारला की लगेच उत्तर हजर. मुलं ते उतरवून घेतात आणि समजलं म्हणून मान डोलावतात. तुम्ही प्रश्नानंतर पडदा पूर्ण एक मिनिट स्थिर ठेवलात. खरा धडा त्या मिनिटात होतो. प्रत्येकाने अंदाज पाटीवर लिहायचा, खूण झाली की सगळ्या पाट्या एकदम वर. तोंडी विचारलं तर पुढच्या बाकावरचा बोलतो, बाकीचे त्याचीच री ओढतात.

मध्यकाचा (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या संख्येचा) भाग फार नेमका झालाय. पाच शेतकऱ्यांची जमीन १, २, ३, ४ आणि ५ एकर. सरासरी ३, मध्यकही ३. मग शेवटचे ५ पुसून ४० होतात. बेरीज ५०, सरासरी थेट १०, मध्यक मात्र ३ वरच. आणि दहा एकरवाला त्या पाचांत एकही नाही! ऊस-तंबाखूच्या गावातल्या पोरांना यापुढे काही समजवावं लागत नाही.

ओजाईव्हमध्ये, म्हणजे संचित वारंवारतेच्या वक्रात, हमखास होणारी चूकही तुम्ही पकडलीत. ‘पेक्षा कमी’ संचित वारंवारता (त्या वर्गापर्यंतची एकूण वारंवारता) वर्गाच्या वरच्या मर्यादेवर मांडायची असते. वारंवारता बहुभुजात टिंब वर्गमध्यावर असतं, त्या सवयीने मुलं इथेही तिथेच देतात. बरोबर आणि चुकीचा असे दोन्ही वक्र एकाच आलेखावर दाखवल्याने चुकीचा वक्र अर्ध्या वर्गाने डावीकडे सरकलेला दिसतो. वर्गांतर (वर्गाची रुंदी) १० असेल तर मध्यक ५ ने कमी येतो.

बिनआवाजाची वेगळी प्रत दिलीत, हे तर सीमाभाग ओळखूनच. तीच प्रत शेजारच्या कन्नड वर्गातही चालते. तिथले सर कन्नडमधून बोलतात. पडद्यावरचे आकडे इंग्रजी असल्याने तिथेही अडत नाही. फायली एमपी४ आहेत, त्यामुळे नेट नसलं तरी पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावता येतो. (जुना टीव्ही पेनड्राइव्ह वाचत नसेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावा, हे इतर शाळांसाठी.)

एक हक्काची मागणी: पुढच्या संचात असमान वर्गांतराचा आयतालेख (वर्गांच्या वारंवारता जोडून उभ्या स्तंभांनी दाखवणारा आलेख) घ्या. तिथे मुलं उंची म्हणून सरळ वारंवारताच घेतात आणि रुंद वर्ग उगाच मोठा दिसतो. वारंवारतेला वर्गांतराने भागून उंची कशी ठरते, ते स्तंभ हलवून दाखवता आलं तर बघा.

आपले,
सीमाभागातील गणित शिक्षक