छोट्या कीबोर्डवर ‘डॉक्टर’ लिहून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत छोट्या कीबोर्डांविषयी आलेला मजकूर वाचला. टेबलावरची जागा वाचते, बॅगेत मावतो, हे त्यात म्हटले आहे ते खरेच आहे. पण मराठीत टाइप करणाऱ्याचा विचार त्यात कुठे दिसला नाही. मी बार्शीत २२ वर्षे अडत दुकानांचे हिशेब लिहिते आणि जोडीला मराठी टायपिंगची कामे घेते. दोन्ही कामे एकाच कीबोर्डवर चालतात, म्हणून हे पत्र.

छोट्या कीबोर्डकडे मी हौसेने वळले नाही. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा धरला, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला रोजच्यासारखे काम करून दाखवायला सांगितले आणि माउसकडे जाणाऱ्या हातावर बोट ठेवले. नेहमीचा १०४ बटणांचा कीबोर्ड ४४ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. आपण बसतो अक्षरांसमोर, त्यामुळे माउस गाठायला प्रत्येक वेळी नंबर पॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांच्या बटणांचा चौकोन, ओलांडावा लागतो आणि हात दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. नंबर पॅड नसलेला ८७ बटणांचा कीबोर्ड साधारण ३६ सेंटिमीटरचा. माउस आठेक सेंटिमीटर आत आला आणि महिन्याभरात खांद्याला फरक पडला. छोटा कीबोर्ड म्हणजे पोरांचे फॅड, असे कोणी म्हटले तर मला ते पटणार नाही.

पण नंबर पॅडवाचून माझे पोट चालत नाही. अडतीच्या पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदावर, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई असे सात-आठ आकडे असतात. डाव्या हाताने पट्ट्या उलटायच्या, उजव्या हाताचे मधले बोट ५ वर ठेवायचे (त्या बटणावर बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागतो) आणि नजर कागदावरून हलू द्यायची नाही. वरच्या ओळीतले आकडे या वेगाने टाकायचे तर दोन्ही हात लागतात, मग पट्टी धरायची कशाने? नवा कीबोर्ड आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका शेतकऱ्याच्या तुरीच्या वजनात माझ्याकडून ७ च्या जागी ६ पडला. संध्याकाळी ताळा जुळेना, तेव्हा सापडला. त्याची पट्टी अजून द्यायची होती म्हणून निभावले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वेगळा यूएसबी नंबर पॅड आणला. पट्ट्या टाकताना तो उजवीकडे घेते, टायपिंगला बसले की बाजूला सारते. माझ्यापुरता हाच मार्ग बरा ठरला.

मुलाचा ६१ बटणांचा कीबोर्डही एक दिवस वापरला. त्यावर एफच्या बटणांची ओळच नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ ५ ला पेमेंट, एफ ६ ला रिसीट, एफ ८ ला सेल्स. दर नोंदीला एफएन (बटणाचे दुसरे काम करून घेणारे बटण) धरून आकडा दाबायचा. संध्याकाळी परत दिला.

आता मराठीचे. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या बटण-रचनेत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला आहेत. १९९१ च्या भारतीय मानकात हीच रचना आहे आणि कॉम्प्युटरमध्ये ती आयती मिळते. व्यंजने पुष्कळ, त्यामुळे इंग्रजीत जिथे विरामचिन्हे आणि कंस आहेत त्या उजव्या कडेच्या बटणांवरही आपली अक्षरे बसली आहेत. ‘डॉक्टर’ लिहून पाहा. ड चौकटी कंसावर, ॉ उलट्या तिरप्या रेघेवर, ट अवतरण चिन्हावर. य प्रश्नचिन्हाच्या बटणावर, च अर्धविरामावर. मी दिवसातून कितीदा तरी ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’ लिहिते. त्यातल्या पहिल्याच अक्षराचा ृ बरोबरच्या चिन्हावर आहे. इंग्रजीला २६ अक्षरे पुरतात, म्हणून फारच छोटे कीबोर्ड करताना ही कडेची बटणे पहिल्यांदा आखडतात किंवा एफएनच्या मागे जातात. आपली रोजची अक्षरे त्यांच्याबरोबर जातात.

उजव्या शिफ्टकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. शब्दाच्या सुरुवातीचे अ, आ, इ, ई, उ, ए सगळे शिफ्ट धरून येतात आणि ते डाव्या हाताच्या बटणांवर असल्यामुळे शिफ्ट उजव्या करंगळीने धरायची असते. काही छोट्या कीबोर्डांवर वरचा बाण बसवण्यासाठी ही शिफ्ट एका बटणाएवढी केलेली असते. माझ्याकडे शिकून नोकरीला लागलेली एक मुलगी मागच्या महिन्यात रडवेली होऊन आली. तिच्या कार्यालयात सगळ्या टेबलांवर सरसकट असे कीबोर्ड आले आहेत. ‘आदेश’ लिहायला जावे तर करंगळी बाणावर पडते, कर्सर वरच्या ओळीत जातो आणि ‘आ’ ऐवजी नुसता काना तिथल्या शब्दाला चिकटतो. मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा पास झालेली मुलगी आता बटणांकडे बघून टाइप करते, आणि साहेब म्हणतात तुझा वेग कमी झाला. मला याचे फार वाईट वाटले. तिच्या बोटांची यात काही चूक नाही.

ज्यांच्या हातात कार्यालयीन खरेदी आहे त्यांनी मागणी नोंदवण्याआधी एक नमुना मागवावा आणि जो माणूस दिवसभर मराठी टाइप करतो त्याला त्यावर अर्धा तास बसवावे. ८७ बटणांचा कीबोर्ड आणि ज्याला आकड्यांचे काम आहे त्याला वेगळा नंबर पॅड, यात माझ्या मते कोणाचीच अडचण होत नाही.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत एकदा इनस्क्रिप्टचा तक्ता छापावा, तोही बटणाच्या खऱ्या मापात, म्हणजे दोन बटणांच्या मध्यांत १९ मिलिमीटर धरून. वर्तमानपत्राच्या पानावर तो आडवा सहज मावेल. कात्रण दुकानात नेऊन कीबोर्डशेजारी धरले, की ड, ट, य आणि उजवी शिफ्ट जागेवर आहेत की नाही ते पैसे देण्याआधी दिसेल.

आपली,
एक हिशेबनीस वाचक,
बार्शी, जि. सोलापूर