भाऊ, तुमचा भाताचा गंज अजून आमच्याकडेच आहे

प्रिय भाऊ,

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. "झालं न ताई, जाऊ द्या," म्हणता आणि लगेच विचारता, आज जेवला का. म्हणून हे लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुमच्या शेल्टरमध्ये अजून पुष्कळ मोठी कुत्री घराची वाट पाहत बसली आहेत.

आम्ही पिल्लू घ्यायला आलो होतो. तुम्ही आधी आईचं वय विचारलं. ७२ म्हटल्यावर म्हणालात, "पिल्लू पायात येते, ताई. दात शिवशिवतात तेव्हा काही सोडत नाही. भुऱ्याला पाहा न जरा." ६ वर्षांचा भुऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. कानाला नसबंदीची खाच, मागचा एक पाय किंचित लंगडा. तुम्ही त्याचं गुणगान केलं नाही. झाडूला घाबरतो, जेवताना जवळ गेलेलं खपत नाही, फटाका वाजला की भान राहत नाही, आधीच्या घरून महिनाभरात परत आला, सगळं सांगून टाकलं. लगेच दिलाही नाही. तीन रविवार बोलावलं, तिसऱ्या खेपेला आईला आणायला लावलं. भुऱ्याने तिचा पदर हुंगला आणि तिच्या चपलेवर हनुवटी टेकवली. तेव्हा कुठे लसीचं कार्ड आमच्या हाती आलं, रेबीजच्या पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला पेनाने गोल केलेलं.

निघताना त्याच्या खालचं पोतं गुंडाळून दिलंत. नवी गादी घेतली आहे म्हटलं, तर म्हणालात, "असू द्या, त्याला ओळखीचा वास लागतो." दीड महिना तो त्या गादीवर चढला नाही. पहिले दोन दिवस दिवाणाखाली पोत्यावरच. पाणी प्यायचा तेही रात्री, सगळे झोपल्यावर. तुम्ही सांगितलं तशी मी त्याच्याकडे पाठ करून खाली पेपर वाचत बसायची. तिसऱ्या दिवशी कोपराला ओलं नाक लागलं. कितीतरी वेळ मी पान उलटलं नाही.

आणि ती फेब्रुवारीतली रात्र. नागपुरात, मानेवाड्यात आमच्या गल्लीतून वरात निघाली, फटाक्यांची लड लागली, आणि भुऱ्या मान मागे खेचून पट्ट्यातून निसटला. दोन तास मी नावाने ओरडत धावत होते. साडेअकराला तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकावरून गाडीवर आलात, थैलीत गंज आणि पळी. "आधी ओरडणं बंद करा, ताई." रिकाम्या प्लॉटच्या कडेला बसून तुम्ही गंजाच्या काठावर पळीचे तीन ठोके दिले. थांबून पुन्हा तीन. शेल्टरमधल्या जेवणाच्या वेळेचा तो आवाज. बऱ्याच वेळाने उभ्या ट्रकखालून भुऱ्या पोटावर सरपटत आला. तुम्ही हातसुद्धा पुढे केला नाही. गंजातला भात त्याला संपवू दिला, मग हळूच दोरी घातली.

मी तेव्हा रडत म्हटलं होतं, आम्हाला नाही जमणार, घेऊन जा याला. तुम्ही रागावला नाहीत, पापपुण्य सांगितलं नाहीत. "नेतो न. पण उद्या. आज त्याला तुमच्या घरी झोपू द्या." सकाळी तुमचा फोन आला तेव्हा भुऱ्या आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा झोपला होता. येऊ नका, एवढंच मला बोलता आलं. भाऊ, तुम्ही परत न्यायला तयार होता म्हणूनच तो आमच्याकडे राहिला. रात्रीच मला चार शब्द सुनावले असते, तर हट्टाने मी त्याला पाठवून मोकळी झाले असते.

आता मे आहे, पारा ४५ च्या घरात. सकाळी सहाच्या आत फिरून येतो. रात्री निघताना आधी मी डांबरावर उलटा हात टेकवून पाहते. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घेतला, तुम्ही सांगितलेलाच. दुपारभर तो कूलरसमोर पसरलेला असतो, गादीवर. आई त्याचा भात बिनमिठाचा वेगळा काढते आणि तुमच्या गंजावर तीनदा पळी वाजवते.

गंज परत द्यायचा राहिलाच. पण तो आता आईच्या हातून सुटेल असं वाटत नाही. रविवारी त्याच मापाचा नवा घेऊन येते. भुऱ्याला सोबत आणू का? ते फाटक पाहून त्याला पुन्हा सोडताहेत असं तर वाटणार नाही न? तुम्ही म्हणाल तसं करीन.

तुमची,
भुऱ्याच्या घरची ताई