दादरच्या लॉजमधल्या माणसांनो, मनापासून आभार!

आईच्या उपचारांसाठी लातूरहून परळच्या टाटा हॉस्पिटलला आलो, तेव्हा दादर स्टेशनजवळच्या एका साध्या, परवडणाऱ्या लॉजमध्ये उतरलो. गाडी पहाटे पोचली, चेक-इन दुपारचं. काउंटरवरच्या काकांनी आईकडे पाहिलं आणि लगेच तळमजल्यावरची खोली उघडून दिली, जादा पैसे न घेता. रूमबॉय तर घरचाच झाला. आईला जेवण जाईना, तर तो स्वतःहून खानावळीतून मऊ भात, बिनतिखटाचं वरण आणायचा. 'आजी, दोन घास तरी खा' म्हणत दाराशी थांबायचा. एवढी माया कोण करतं हो परक्यावर! हिंदमाताला पाणी तुंबलेलं असताना आम्हाला वेळेत पोचवणारे टॅक्सीवाले दादा, तुमचेही उपकार. आई आता बरी आहे. लातूरकडे आलात तर आमच्याच घरी उतरायचं, हे नक्की.