सूचना : पडता पडता वाचले, तेही सांगा

सर्व मावशी, दादा आणि सिस्टर यांना नमस्कार. आजी-आजोबा पडले की नोंद होते. पण ओल्या बाथरूममध्ये पाय सरकला आणि दांडी धरून सावरले, हे वहीत येतच नाही. खरं तर तेच आधी कळायला हवं. झोपेची किंवा बीपीची गोळी घेतल्यावर रात्री लघवीला उठताना तोल जातो. म्हणून थोडा वेळ पलंगाच्या कडेला बसवा, मगच उभं करा. चुकीची गोळी हातात आली आणि वेळीच लक्षात आलं, तरी ड्युटी बदलताना सांगा. सांगणाऱ्याला कुणी ओरडणार नाही, पगार कापला जाणार नाही. हा आमचा शब्द आहे. वही नर्सिंग टेबलावर आहे. लिहायला जमत नसेल तर सिस्टरना तोंडी सांगा, त्या लिहून घेतील.

– व्यवस्थापन