वकिलाचं मत

चिऊ बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस की वकिलाला स्वतःचं मत नसतं, अशील म्हणेल तेच त्याचं मत. ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

थॅडियस स्टीव्हन्स म्हणून एक अमेरिकन वकील होता, जन्म १७९२ चा, व्हरमाँटमधला. पाय जन्मापासून वाकडा, बाप घर सोडून गेलेला, आईने कष्ट करून चार पोरं वाढवली आणि ह्याला डार्टमथ कॉलेजात शिकवलं. पुढे पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला वकिली सुरू केली आणि १८२१ मध्ये त्याच्याकडे चॅरिटी बटलरची केस आली. ही मेरीलँडची गुलाम बाई, तिचं म्हणणं असं की मालकाने मला वेळोवेळी पेनसिल्व्हेनियात आणून ठेवलं, सगळे दिवस धरले तर सहा महिन्यांच्या वर जातात, म्हणजे इथल्या कायद्याने मी मुक्त. स्टीव्हन्स तिचा नाही, मालकाचा वकील! सहा महिने सलग पाहिजेत, तुकड्यातुकड्याने मोजायचे नाहीत, हा मुद्दा कोर्टाने मानला आणि चॅरिटी लेकरांसकट परत गुलामीत गेली. काम चोख केलं त्याने, तुझ्या हिशोबाने तर शंभर टक्के बरोबर. मला मात्र हे वाचून फार वाईट वाटलं, त्या लेकरांचं काय झालं असेल हेच मनात येत राहिलं.

पण तो तिथेच थांबला नाही गं. पुढे पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने उभा राहायला लागला. १८३८ ला राज्याची नवी घटना झाली, त्यात मतदान फक्त गोऱ्यांना, तर ह्याने सही करायला नकार दिला. १८५१ मध्ये ख्रिस्तियाना गावात गुलाम पकडायला आलेला मालक मारला गेला आणि सरकारने तिथल्या माणसांवर थेट देशद्रोहाचा खटला भरला, तेव्हा बचावाच्या वकिलांमध्ये हा होता, आणि आरोपी सुटले. १८६३ मध्ये, गुलामीवरून पेटलेल्या यादवी युद्धात, दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्याने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला तरी माणूस मागे हटला नाही.

आणि अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती! १८६६ ला काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, ती पुढे रेटणाऱ्यांत तो मुख्य होता, आणि तिच्यात त्याला हवं ते सगळं नव्हतंच, काळ्या पुरुषांना मतदानाचा सरळ हक्कसुद्धा नव्हता. मग हे अर्धवट का स्वीकारतोस, तर त्याचं उत्तर होतं, कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. तू आपल्या राज्यघटनेचं आर्टिकल १४ पाठ करतेस ना, त्यातलं 'कायद्याचं समान संरक्षण' त्याच दुरुस्तीतून आपल्याकडे आलंय.

ऑगस्ट १८६८ मध्ये तो गेला. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावातल्या बाकीच्या दफनभूमी फक्त गोऱ्यांसाठी म्हणून सगळ्यांना जागा देणारी एक छोटी दफनभूमी त्याने आधीच निवडली होती, आणि कारण स्वतःच्या थडग्यावर कोरायला सांगितलं.

पेपर झाले की घरी ये. चॅरिटीचा निकाल मिळाला तर घेऊन ये, आपण दोघी बसून वाचू, आणि तिचा वकील काय बोलू शकला असता ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझी,
आई