शेताचे कागद द्यायच्या आत

लंडन, रविवार

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू पेढ्यांचं सांगितलंस. खालच्या वहिनींचा धाकटा इकडे केअर वर्कर म्हणून, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायला, येतोय, एजंटला बारा लाख द्यायचेत, तीन दिलेत, उरलेल्यांसाठी गावचं शेत गहाण टाकतायत. मी गप्प झाले. तुला वाटलं, फोन कट झाला. तसं नव्हतं गं, मला बोलायला सुचेना. वाचून झालं की खाली जा आणि वहिनींनाही हे वाचून दाखव.

परदेशातून नवे केअर वर्कर आणण्याचा व्हिसा इथल्या सरकारनं 22 जुलै 2025 पासून बंद केलाय. जे मिळतच नाही त्याचे पैसे तो एजंट घेतोय. 2022 मध्ये हा रस्ता खुला झाला तेव्हा खऱ्या व्हिसावर आलेली मुलंसुद्धा फसली. आल्यावर काम आठवड्यात दोनच दिवस, एका खोलीत सहा-सात जण, पासपोर्ट मालकाकडे, आणि तोंड उघडलं तर व्हिसा रद्द करायची धमकी. परदेशी माणसं कामाला ठेवायचा मालकाचा परवाना गेला, तर दुसरा मालक शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. घरी कर्ज करून आलेला पोरगा तक्रार कुठून करणार?

तू नेहमी विचारतेस, 'ऑपरेशन्स बघते म्हणजे काय करतेस?' अशा जाचातून सुटलेल्यांसाठी आमची संस्था घरं चालवते. कुठे खाट रिकामी आहे, रात्रपाळीला कोण, दुभाषा कुठल्या भाषेचा हवा, दवाखान्यात कोण नेणार, हे सगळं माझ्याकडे असतं. बाबा डेपोत ड्युट्या लावायचे, तसंच. पण एक बस चुकली तर मागून दुसरी येते. इथे रात्री पोलिसांचा फोन आला आणि खाट नसली, तर माणूस जिथून पळाला तिथेच परत जातो. म्हणून फोन उशाशी घेऊन झोपते.

गेल्या महिन्यात आपल्याकडचाच एक जण आला. नाव-गाव तुलाही सांगणार नाही. खोलीची किल्ली दिली तर त्यानं कुलूप दोनदा लावून पाहिलं. 'आतून लागतं?' एवढंच विचारलं. चार दिवसांनी त्याची वही ओट्यावर राहिली होती. तारीखवार लिहिलेलं: चहा 2, डाळभात, ब्रेड 4, साबण 1. पुढचा रकाना कोरा, कारण आमचा भाव त्याला माहीत नव्हता. आधीचा मालक प्यायच्या पाण्याचेही पैसे पगारातून कापायचा. मी त्याच्यासमोर बसले. इथे अशा आधुनिक गुलामगिरीविरुद्ध 2015 चा कायदा आहे, पहिल्या चौकशीत संशय रास्त ठरला की निदान 30 दिवस आसरा आणि मदत हक्कानं मिळते, हे समजावलं. पक्का निकाल यायला महिनोन्महिने जातात, तेही लपवलं नाही. वही तो अजून लिहितो. कालच्या पानावर मात्र चहा नव्हता.

आई, डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांत लग्नगडी असायचे. लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्याच्या शेतावर राबायची. 1945 मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर ती माणसं उठली. 1976 मध्ये वेठबिगारी कायद्यानं बंद झाली, तरी वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेली कुटुंबं आजही अडकतात. एजंटचे बारा लाख म्हणजे तीच उचल, फक्त विमानातून आलेली.

आता हे करा. शेताचे कागद कुणाला देऊ नका. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटची सरकारी नोंदणी लागते, ती केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणी असली तरी त्याला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर आधी तो परत घ्या. पैसे दिल्याच्या पावत्या, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जपून ठेवा आणि ते घेऊन पोलीस ठाण्यात जा. एकट्याला पाठवू नका, तू सोबत जा.

पोराला रागावू नका गं. गिरणी बंद झाल्यापासून त्या घरानं काय काढलंय, ते आपण पाहिलंय. त्याला मला फोन करू दे, कुठल्याही वेळी. मी उचलते.

तुझी लेक